दुसऱ्या बाजूची तिसरी धून

खुर्च्या मांडववाल्याच्या, पाठीवर पांढऱ्या रंगात
'धनश्री डेकोरेटर्स, विटा'.
मी पाचव्या रांगेत.
पर्समध्ये घराची किल्ली, खोकल्याच्या गोळ्या,
आणि उगाच, ती कॅसेट.

गुलशन बेंजो पार्टी, कवठेमहांकाळ.
कव्हरवर सहा माणसं, सहा लाल जॅकेटं,
मधे दस्तगीर मास्तर,
तवा तापला का बघावं
तशी बटणांवर टेकवलेली बोटं.

आमच्याकडं ती वाजायची मागावर.
बारा माग, एक टेप खिळ्याला टांगलेला.
अण्णा आवाज पूर्ण सोडायचे,
तरी धोटा मधे बोलायचाच,
खटक खट, खटक खट.
मला वाटायचं तोही पार्टीतलाच.
कव्हरवर मी सातवा माणूस शोधायचे.

एकदा खरंच आले होते ते, शितोळ्यांच्या वरातीला.
मला कांजिण्या.
अंगाखाली कडुलिंबाचा पाला, खिडकीला चादर.
बोळाच्या तोंडाशी दोन धुना वाजल्या
आणि वरात पुढं सरकली.
दुसऱ्या दिवशी शैला दारातूनच म्हणाली,
जॅकेटं लाल नाहीत गं, विटकरी आहेत.
आठवडाभर मी तिच्याशी बोलले नाही.

मग त्याच पावसाळ्यात टेपनं कॅसेट खाल्ली.
दुसरी बाजू, तिसरी धून.
अण्णांनी पेन्सिलीनं फीत ओढून काढली,
चुरगळलेला तुकडा कापला,
चिकटपट्टीनं टोकाला टोक जोडलं.
तेव्हापासून ती धून चढाला लागायची
आणि एकदम उतारावरच सापडायची,
रेवणगावच्या घाटात एसटीत डोळा लागावा तशी.
मी तशीच पाठ केली.
तशीच गुणगुणले, भांडी घासताना,
पोरीला झोपवताना,
माग किलोवर भंगारात गेले त्या दुपारी
रिकाम्या शेडमधे.

आज आधी सत्कार.
नारळ, शाल, पुन्हा नारळ,
अध्यक्षांना आठवलेले सगळे पाहुणे.
पुढची पोरं शिट्ट्या मारून थकली.
मग मास्तर आले. चपला काढून
कडेला नीट जोडीनं ठेवल्या,
रुमालानं बेंजो पुसला,
खुर्चीत बसले. बाकीचे उभे.
त्यांतला जुना एकच, ढोलकीवाला महादू.
बाकी नातवांच्या वयाचे,
एकाच्या हातात कीबोर्ड, कानात बाळी.

चौथी की पाचवी म्हणून ती धून आली.
पहिल्या चार सुरांतच मानेला कळलं.
चढ लागला.
उडी आली, मी मारलीसुद्धा,
पण मास्तर मागंच राहिले होते,
वरती,
जिथं मी कधी गेलेच नव्हते.

फार काही नव्हतं तिथं.
एकच सूर, तीनदा, जरा दाबून.
कुणी कडी वाजवावी
आणि दार उघडायच्या आत
आपणच दोन पावलं मागं व्हावं, तसा.
मग उतार. तो माझ्या ओळखीचा.

सगळं बरोबर वाजत होतं
तरी काहीतरी कमी पडत होतं,
कळेना काय.
शेजारचा मुलगा माझ्याकडं बघायला लागला
तेव्हा दिसलं,
माझी अंगठी खुर्चीच्या लोखंडावर,
खटक खट, खटक खट.

शेवटी टेम्पोत सामान चढत होतं.
मी कॅसेट पुढं केली.
मास्तरांनी उलटीपालटी करून पाहिली.
"वाजती का अजून?"
"वाजते. एका ठिकाणी उडी मारते."
"कुठं?"
मी गुणगुणून दाखवलं, भर रस्त्यात, या वयात.
ते कान देऊन ऐकत राहिले.
"हां," म्हणाले,
"तिथं माझंबी बोट अडकायचं."

घरी येऊन साडेअकराला शैलाला फोन लावला, पुण्याला.
ती घाबरली, एवढ्या रात्री काय झालं म्हणून.
काही नाही गं, म्हटलं,
विटकरीच होती.